टॅली न सोडता घाऊक विक्री ऑनलाइन: तयार कनेक्टर निवडण्याची आणि जोडण्याची पद्धत

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना बेअरिंग, व्ही-बेल्ट, नट-बोल्ट आणि हत्यारे पुरवणाऱ्या मध्यम आकाराच्या घाऊक विक्रेत्याकडे ऑर्डर साधारण चार वाटांनी येतात. जवळचे दुकानदार फोन करतात, काही जण वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, मोठे कारखाने ईमेलने पर्चेस ऑर्डर धाडतात आणि उरलेल्या ऑर्डर सेल्समन संध्याकाळी परतल्यावर लिहून देतो. या चारही वाटा शेवटी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसमोर बसलेल्या एकाच माणसापाशी येऊन मिळतात. ऑनलाइन विक्रीचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी चर्चा संकेतस्थळाच्या रंगरूपावर रेंगाळते. पण तिथे आलेली ऑर्डर त्याच माणसाला पुन्हा हाताने टॅलीत चढवावी लागणार असेल, तर चार वाटांच्या जोडीला पाचवी वाट झाली, यापलीकडे काही घडलेले नसते.

ही दुहेरी नोंद टाळण्यासाठी बाजारात तयार कनेक्टर, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधील माहिती दुसऱ्यात नेणारे प्रोग्राम, मिळतात. वूकॉमर्स किंवा शॉपिफाय या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवरची ऑर्डर टॅलीत नेणारे, टॅलीतील साठा आणि दर संकेतस्थळावर आणणारे, बिलाची माहिती ई-इन्व्हॉइसच्या (जीएसटीसाठी बिलाची ऑनलाइन नोंदणी) सरकारी पोर्टलकडे पाठवून आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आणणारे, बँकेत जमा झालेली रक्कम योग्य पार्टीच्या खात्यावर नोंदवणारे असे त्यांचे प्रकार आहेत. नवे सॉफ्टवेअर लिहून घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतात आणि कामालाही लवकर लागतात. तरीही कनेक्टर घेऊन काही महिन्यांत बंद केल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि त्यांत दोष बहुधा कनेक्टरचा नसतो. कोणती माहिती कोणत्या ठिकाणची खरी मानायची, हे आधी न ठरवता जोडणी केली, की दोन्हीकडच्या चुका आता दुप्पट वेगाने इकडून तिकडे जाऊ लागतात. म्हणून पुढील मांडणीत सॉफ्टवेअर खरेदीचा मुद्दा बराच उशिरा येतो. टॅलीवर काम चालणारा, काही शे नेहमीचे ग्राहक असलेला आणि ई-इन्व्हॉइस लागू असलेला विक्रेता यात गृहीत धरला आहे.

प्रत्येक माहितीचा मालक ठरवणे

एका कागदावर व्यवसायातील माहितीचे प्रकार लिहून काढावेत आणि प्रत्येकासमोर एकाच प्रणालीचे नाव लिहावे. वस्तूचे नाव, एचएसएन (जीएसटीसाठी वस्तूच्या वर्गाचा संकेतांक), जीएसटीचा दर, साठा, पार्टीचे खाते, उधारीची मर्यादा आणि दरपत्रक यांची मालकी टॅलीकडे राहू द्यावी. वस्तूचे छायाचित्र, मापे, माहितीपत्रक आणि शोधासाठीचे पर्यायी शब्द यांची मालकी संकेतस्थळाकडे असावी, कारण टॅलीत ते ठेवायला नीट जागाच नसते. ऑर्डर स्वीकारली जाईपर्यंत ती संकेतस्थळाची आणि स्वीकारल्यानंतर टॅलीची. आयआरएन आणि मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाचा क्रमांक सरकारी पोर्टलचा. तो टॅलीत येऊन बसतो, टॅलीत तयार होत नाही. एकदा मालक ठरला की माहिती मालकाकडून इतरांकडे एकाच दिशेने वाहिली पाहिजे आणि इतर ठिकाणी ती बदलण्याची सोय बंद केली पाहिजे.

जाहिरातीत ‘टू-वे सिंक’, म्हणजे दोन्ही दिशांनी माहिती जुळवणे, हा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. घाऊक व्यापारात तो बहुतेक वेळा भांडणाला निमंत्रण असतो. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने तिथे दर बदलला आणि अकाउंटंटने टॅलीत बदलला, तर रात्रीच्या सिंकमध्ये कोणाचा दर टिकेल हे कनेक्टरच्या नियमावर ठरते आणि तो नियम दोघांपैकी कोणालाही ठाऊक नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी निघून गेले, त्या वेळी हा फरक ठळकपणे दिसण्यासारखा होता. ज्यांचा कराचा दर एकाच जागी नोंदलेला होता, त्यांना तो तिथे बदलून सिंक तपासणे पुरेसे होते. ज्यांनी तो संकेतस्थळाच्या कर-तक्त्यातही स्वतंत्रपणे भरून ठेवला होता, त्यांना प्रत्येक वस्तू दोनदा पाहणे भाग होते.

मास्टर साफ करणे

टॅलीतील वस्तूंच्या आणि पार्ट्यांच्या मूळ याद्या, म्हणजे मास्टर, साफ करण्याचे हे काम कंटाळवाणे आहे, त्याला वेळ लागतो आणि कोणताही कनेक्टर विकणारा त्याची किंमत अंदाजपत्रकात धरत नाही. पण सगळा डोलारा यावरच उभा राहतो, म्हणून एक उदाहरण जवळून पाहणे योग्य ठरेल.

६२०५ हे बेअरिंग घेऊ. आतील व्यास २५ मिलिमीटर, बाहेरील ५२ आणि रुंदी १५; मोटारी, पंप आणि कन्व्हेयरमध्ये सर्रास चालणारे माप. दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण असेल तर एनएसके आणि एनटीएन त्याला ‘झेडझेड’ म्हणतात, एसकेएफ ‘टू-झेड’ म्हणते. रबरी सील असेल तर एनएसकेचे ‘डीडीयू’, एनटीएनचे ‘एलएलयू’ आणि एसकेएफचे ‘टू-आरएसएच’ असे निरनिराळे प्रत्यय लागतात, आणि दुकानदार मात्र सगळ्यांनाच सरसकट ‘टू-आरएस’ म्हणतो. शिवाय आतील फट जास्त हवी असल्यास ‘सी-थ्री’ जोडले जाते. आता टॅलीच्या यादीत ही वस्तू कोणी ‘६२०५झेडझेड’ अशी सलग लिहिलेली असते, कोणी मध्ये जागा सोडून, कोणी कंपनीचे नाव आधी घालून, आणि एखादी नोंद नुसती ‘६२०५ बेअ.’ अशी असते. बिल करणाऱ्या जुन्या माणसाच्या डोक्यात या सर्वांचा हिशेब पक्का असल्यामुळे इतकी वर्षे अडले नाही. कनेक्टरला मात्र या चार वेगळ्या वस्तू दिसतात. त्यांतील एकीचा साठा उणे झालेला असतो आणि दुसरीचा गोदामात नसलेला माल शिल्लक दाखवत असतो.

त्यामुळे यादी एक्सेलमध्ये काढून आधी दुहेरी नोंदी एकत्र कराव्यात. मग प्रत्येक वस्तूला एक कायमचा सांकेतिक क्रमांक द्यावा आणि तो टॅलीच्या स्टॉक आयटममध्ये पार्ट नंबर किंवा अलायस (पर्यायी नाव) म्हणून भरावा. संकेतस्थळावरील एसकेयूच्या (वस्तूच्या कोडच्या) जागी हाच क्रमांक जावा. काही कनेक्टर वस्तू नावावरून ओळखतात. टॅलीत कोणी नावातील एक जागा जरी बदलली तरी त्यांची जोडी तुटते आणि संकेतस्थळावर तीच वस्तू नवी म्हणून पुन्हा उगवते. क्रमांकावरून ओळखणारा कनेक्टर या त्रासातून वाचवतो.

एककाकडेही लक्ष द्यावे. नट-बोल्ट किलोवर विकत घेतले जातात आणि नगावर मागितले जातात. व्ही-बेल्ट नगावर असतात, होज पाइप मीटरवर. टॅलीत पर्यायी एकक ठेवण्याची सोय आहे, पण ते एकक संकेतस्थळाकडे जाते की नाही, हे कनेक्टरगणिक बदलते. ग्राहकाने १० लिहावे आणि त्याला १० नगांऐवजी १० खोकी जावीत, असा प्रकार एकदा जरी झाला तरी तो ग्राहक पुन्हा फोनकडे वळतो. ई-इन्व्हॉइससाठी एककाचे ठरावीक संकेत आहेत, तेही याच वेळी भरून घ्यावेत. एचएसएन निदान ६ अंकी असावा, कारण ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना १ एप्रिल २०२१ पासून तेवढे अंक बंधनकारक आहेत.

पार्टी मास्टरमध्ये जीएसटीआयएन, म्हणजे ग्राहकाचा जीएसटी नोंदणी क्रमांक, तपासणे हे मुख्य काम. १५ अक्षरांच्या या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढील १० अक्षरे पॅनची असतात. शिरोलीचा माल बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीत गेला तर खरेदीदाराचा क्रमांक २९ ने सुरू होतो आणि आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी लागतो. त्याच मालकाचे सांगलीत दुसरे दुकान असेल तर तिथला क्रमांक २७ ने सुरू होतो आणि राज्यांतर्गत विक्रीचे सीजीएसटी-एसजीएसटी लागतात. म्हणून अशा ग्राहकाची दोन खाती वेगळी ठेवावीत आणि लॉगिन एकच द्यायचे असल्यास ऑर्डर देताना शाखा निवडण्याची सोय आहे का, ते पाहावे.

शेवटचा मुद्दा सवयीचा आहे. आलेल्या मालाचे खरेदी बिल शनिवारी एकगठ्ठा चढवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तोवर टॅलीतील साठा खोटा असतो आणि संकेतस्थळ तोच खोटा आकडा साऱ्या ग्राहकांना दाखवते. माल उतरला त्याच दिवशी टॅलीत रिसीट नोट, म्हणजे माल आल्याची नोंद, पडली पाहिजे. बिल नंतर आले तरी चालेल. हे शक्य होईपर्यंत संकेतस्थळावर नेमका आकडा न दाखवता ‘उपलब्ध’ आणि ‘विचारून कळवू’ एवढेच दोन पर्याय ठेवणे शहाणपणाचे.

कनेक्टर निवडणे

टॅली बहुतेक ठिकाणी कार्यालयातील संगणकावर चालते आणि संकेतस्थळ दूरच्या सर्व्हरवर असते, हे लक्षात घेतले की कनेक्टरचे काम समजते. टॅलीप्राइम स्वतः एक छोटा सर्व्हर म्हणून चालू शकते. सेटिंगमधील कनेक्टिव्हिटी या भागात तो पर्याय असतो आणि पोर्ट क्रमांक सहसा ९००० असतो. कनेक्टरचा एक लहान प्रोग्राम त्याच संगणकावर बसतो, या पोर्टवरून टॅलीशी एक्सएमएल या ठरावीक स्वरूपात बोलतो आणि दुसऱ्या बाजूने इंटरनेटवरून संकेतस्थळाशी संपर्क ठेवतो. यातून दोन गोष्टी निघतात. संगणक बंद असेल किंवा टॅलीत संबंधित कंपनी उघडलेली नसेल, तर सिंक होत नाही. तोवर आलेल्या ऑर्डर रांगेत सुरक्षित राहतात की हरवतात, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. आणि ९००० हे पोर्ट राउटरमधून बाहेरच्या जगाला कधीही उघडून देऊ नये. ‘सोपे पडेल’ म्हणून कोणी तसे सुचवले, तर तो विक्रेता त्याच क्षणी यादीतून काढावा, कारण त्या पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही हिशेब वाचू आणि लिहू शकतो.

विचारायचे इतर प्रश्न थोडे आहेत, पण उत्तरे लेखी घ्यावीत. टॅलीची नवी आवृत्ती आली की कनेक्टर किती दिवसांत तिच्याशी जुळवला जातो? एखादी नोंद अडकली तर ती कोणत्या पडद्यावर, कोणत्या कारणासह दिसते? पार्टीनिहाय दर, म्हणजे टॅलीतील प्राइस लेव्हल, संकेतस्थळावर तशाच येतात का? करार संपल्यावर ऑर्डरची माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळते? शुल्क महिन्याचे आहे, वर्षाचे आहे की नोंदीमागे आहे? प्रात्यक्षिक नेहमी आपल्याच टॅलीच्या प्रतीवर मागावे. विक्रेत्याच्या नमुना कंपनीत दहा वस्तू आणि तीन पार्ट्या असतात आणि त्यांत सगळेच चालते.

झेपियर किंवा एनएटएन यांसारखी सर्वसाधारण जोडणीची साधने निरोप पाठवणे, एक्सेलच्या तक्त्यात नोंद करणे अशा कामांना उत्तम आहेत. साठा आणि हिशेब मात्र त्यांच्यावर सोपवू नये, असे माझे मत आहे. मध्येच एक टप्पा अडला तर अर्धी नोंद इकडे आणि अर्धी तिकडे राहते, आणि ती शोधायला अकाउंटंट बसतो.

टॅली नसलेल्या किंवा नव्याने सुरुवात करणाऱ्या विक्रेत्याने वेगळा विचार करावा. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात हिशेब, साठा आणि ऑर्डर एकाच ठिकाणी असतात आणि जीएसटीच्या कामांसाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ हे मुक्तस्रोत जोड-ॲप मिळते. झोहो आणि ओडू यांचीही रचना अशीच एकत्रित आहे. पण केवळ ऑनलाइन ऑर्डरसाठी वर्षानुवर्षांची टॅली सोडू नये. अकाउंटंटचा हात, सीएची सवय आणि जुना हिशेब यांची किंमत कोणत्याही कोटेशनमध्ये दिसत नाही.

ऑर्डर टॅलीत कशी उतरावी

संकेतस्थळावरची ऑर्डर टॅलीत सेल्स ऑर्डर म्हणून यावी, सेल्स व्हाउचर (पक्के बिल) म्हणून नाही. किरकोळ विक्रीसाठी बनवलेले बरेच कनेक्टर थेट बिलच करून टाकतात, कारण तिथे ग्राहकाने पैसे आधीच भरलेले असतात. घाऊक व्यवहारात २० ओळींच्या ऑर्डरमधील १७ वस्तू आज जातात, दोन वस्तू आठवड्याने येतात आणि एकीच्या जागी दुसऱ्या कंपनीचा माल चालेल का, हे फोनवर ठरते. बिल आधीच झाले असेल तर यातील प्रत्येक बदलासाठी बिलाची रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट काढावी लागते. ऑर्डर, मग माल काढणे, मग बिल हा क्रम कायम ठेवावा आणि उरलेल्या वस्तू त्याच ऑर्डरखाली प्रलंबित दिसतात का, ते तपासावे.

संकेतस्थळाचा ऑर्डर क्रमांक टॅलीच्या व्हाउचरमध्ये संदर्भ म्हणून गेला पाहिजे. वेबहुक, म्हणजे काही घडताच एका प्रणालीने दुसरीला आपणहून पाठवलेला निरोप, एकाच घटनेसाठी दोनदा येऊ शकतो. नेट अडखळले की पाठवणारा पुन्हा पाठवतो. या क्रमांकाची नोंद आधीच आहे का, हे पाहूनच कनेक्टरने नवी नोंद केली पाहिजे. चाचणीच्या वेळी तीच ऑर्डर मुद्दाम दोनदा पाठवून पाहावी. उलट बाजूनेही काळजी घ्यावी लागते: वूकॉमर्समध्ये एखादा वेबहुक लागोपाठ पाच वेळा पोहोचला नाही तर तो आपोआप बंद होतो. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालयातील संगणक बंद राहिला आणि निरोप थेट तिथेच येत असले, तर पाडव्यानंतर ऑर्डर का येत नाहीत, याचे उत्तर तिथे सापडते. निरोप आधी कनेक्टरच्या स्वतःच्या सर्व्हरवर उतरत असतील तर हा धोका राहत नाही.

उधारीची मर्यादा टॅलीत प्रत्येक खात्यावर ठेवता येते. पण कनेक्टरने आत आणलेली ऑर्डर ती मर्यादा पाळते की डावलून पुढे जाते, हे पडताळून घ्यावे. मर्यादा ओलांडणारी ऑर्डर थेट नाकारू नये. ‘मंजुरीसाठी’ अशा वेगळ्या यादीत ती थांबावी आणि मालकाने किंवा सेल्समनने पार्टीशी बोलून ती सोडावी. वीस वर्षे जोडलेल्या ग्राहकाला संगणकाने परस्पर नकार कळवणे आपल्याकडच्या बाजारात खपत नाही, आणि ते योग्यही आहे.

ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल

२०१७-१८ पासूनच्या कोणत्याही आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर नोंदणीकृत व्यावसायिकाला केलेल्या विक्रीसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस आवश्यक आहे. पोर्टल बिलाची माहिती तपासून ६४ अक्षरांचा आयआरएन आणि स्वाक्षरी केलेला क्यूआर कोड परत देते. टॅलीप्राइममध्ये ही सोय अंगभूत आहे. त्यामुळे ऑर्डरचा कनेक्टर स्वतःही ई-इन्व्हॉइस करू शकतो, असे सांगितले गेले तरी ते बंद ठेवावे. बिल जिथे होते, तिथूनच आयआरएन निघावा. वेगळ्या सॉफ्टवेअरमधून तो काढायचा असेल, तर ई-इन्व्हॉइस पोर्टलवरील एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलण्याची सोय) नोंदणीच्या भागात जाऊन जीएसपीमार्फत, म्हणजे मान्यताप्राप्त मध्यस्थ कंपनीमार्फत, वापरासाठी स्वतंत्र युजरनेम आणि पासवर्ड तयार करता येतो. मुख्य लॉगिन कोणालाही देण्याची गरज पडत नाही.

बिलाच्या क्रमांकाची जास्तीत जास्त लांबी १६ अक्षरे आहे. संकेतस्थळाच्या ऑर्डरसाठी वेगळी मालिका करताना हौसेने ‘डब्ल्यूईबी/केओपी/२०२५-२६/०००१२’ असे काही ठेवले, तर इंग्रजीत त्याची २१ अक्षरे होतात आणि पोर्टल ते बिल नाकारते. लहान मालिका ठरवावी आणि ती सुरुवातीलाच ठरवावी.

आयआरएन पोर्टलवर फक्त २४ तासांत रद्द करता येतो, आणि त्यावर चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावे लागते; २४ तास उलटल्यावर मात्र क्रेडिट नोट हाच मार्ग. १० कोटी आणि त्याहून अधिक उलाढाल असलेल्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंद करण्याचे बंधन आहे, तेव्हा ‘महिनाअखेरीला सगळी एकदम करू’ ही पद्धत आता जोखमीची आहे.

ई-वे बिलाची मर्यादा राज्याबाहेर ५० हजार रुपये आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपये अशी वेगवेगळी आहे. कनेक्टरच्या सेटिंगमध्ये बहुधा एकच आकडा भरायला मिळतो; तसे असेल तर ५० हजार ठेवावेत, म्हणजे बेळगावला जाणारा माल अडकत नाही. माल ट्रान्सपोर्टने जात असल्यास ट्रान्सपोर्टरचा आयडी भरून ‘अ’ भाग काढून ठेवता येतो आणि गाडी क्रमांकाचा ‘ब’ भाग ट्रान्सपोर्टर भरतो. एलआरचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) क्रमांक हाती आला की तो टॅलीतून संकेतस्थळावरील त्या ऑर्डरवर दिसू लागावा. ‘माल निघाला का?’ हे दिवसभराचे फोन त्यानेच सर्वाधिक कमी होतात.

पैसे कोणाचे आले?

संकेतस्थळ तयार करणारा सर्वप्रथम पेमेंट गेटवे जोडून देतो. घाऊक व्यवहारात त्याचा उपयोग मर्यादित आहे. २ लाखांच्या मालावर १८ टक्के जीएसटी धरून २,३६,००० रुपयांचे बिल कार्डाने भरले गेले आणि शुल्क २ टक्के असले, तर ४,७२० रुपये आणि वर त्यावरचा जीएसटी जातो. बेअरिंगसारख्या मालात नफ्याची एवढी फट फारशी नसते. बडे ग्राहक तसेही एनईएफटी, आरटीजीएस किंवा धनादेशानेच पैसे देतात.

इथे उपयोगी पडते ते व्हर्च्युअल खाते. बँक किंवा रेझरपे, कॅशफ्री यांसारख्या कंपन्या प्रत्येक पार्टीसाठी वेगळा खाते क्रमांक देतात. पैसे सगळे आपल्याच खात्यात येतात, पण कोणत्या क्रमांकावर आले यावरून पाठवणारा नक्की कळतो. जमा होताच निरोप येतो आणि कनेक्टर टॅलीत रिसीट करतो. ही रिसीट कोणत्या बिलापोटी धरायची, हा निर्णय मात्र त्याच्यावर सोडू नये. रक्कम बिलाशी तंतोतंत जुळली तरच ‘अगेन्स्ट रेफरन्स’ (त्या बिलापोटी), नाहीतर ‘ऑन अकाउंट’ (बिल न ठरवता खात्यावर), आणि उरलेले अकाउंटंट पाहील, असा नियम ठेवावा.

रक्कम न जुळण्याची कारणे ठरलेली असतात. १० कोटींहून अधिक उलाढाल असलेला खरेदीदार वर्षातील ५० लाखांपुढच्या खरेदीवर ०.१ टक्का टीडीएस कापतो. वरच्या बिलात तो २०० रुपये होतो आणि खात्यात २,३५,८०० येतात. कोणी रोख सवलत धरून भरतो, कोणी परत केलेल्या मालाचे पैसे स्वतःच वजा करतो, कोणी तीन बिलांचे एकत्र पाठवतो. पैशांच्या पातळीवर संकेतस्थळ आणि टॅली यांचे पूर्णांकनही वेगळे असू शकते. एक प्रणाली ओळीगणिक पूर्णांक करते, दुसरी बिलाच्या शेवटी. दोन्हीकडे तेच सेटिंग आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात पाहून घ्यावे.

निरोप आणि मोठे खरेदीदार

व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक एपीआयवरून बिल, एलआर आणि बाकीचा तपशील आपोआप पाठवता येतो. ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासांपर्यंत मोकळेपणी उत्तर देता येते. त्यापुढे आधी मंजूर करून घेतलेला नमुनाच पाठवावा लागतो. बिलाचा, माल निघाल्याचा आणि वसुलीच्या आठवणीचा असे तीन नमुने मराठीत मंजूर करून घेतले तरी बहुतेक काम भागते. वसुलीचा निरोप ऑन अकाउंट पडून असलेली रक्कम वजा करून जातो ना, हे तपासल्याशिवाय तो सुरू करू नये.

मोठा कारखाना ग्राहक असेल तर त्याने आपल्या संकेतस्थळावर यावे, ही अपेक्षा ठेवू नये. त्याची स्वतःची खरेदी प्रणाली असते, उदाहरणार्थ एसएपी अरिबा, आणि पुरवठादाराने तिथे जायचे असते. अशा एक-दोन ग्राहकांच्या पर्चेस ऑर्डर ठरावीक नमुन्यात उतरवून टॅलीत आणणारा कनेक्टर मिळाला, तर तो नव्या संकेतस्थळाच्या आधी घ्यावा.

सुरुवात आणि पहिले महिने

चाचणीसाठी टॅलीतील कंपनीची प्रत वेगळ्या नावाने उघडावी, ई-इन्व्हॉइसच्या चाचणी पोर्टलचा आणि गेटवेच्या टेस्ट मोडचा वापर करावा, आणि गेल्या महिन्यातील खऱ्या ऑर्डर त्यात पुन्हा घालून बिले रुपयाला रुपया जुळतात का, ते पाहावे. अर्धवट पाठवलेली ऑर्डर, परत आलेला माल, राज्याबाहेरचा ग्राहक, ‘बिल एकाला, माल दुसऱ्या पत्त्यावर’ असा व्यवहार आणि मर्यादेपलीकडची उधारी ही पाच प्रकरणे त्यात असलीच पाहिजेत.

त्यानंतर एका वेळी एकच जोड सुरू करावी. आधी साठा आणि दर संकेतस्थळावर येऊ द्यावेत. ते पंधरवडाभर बिनचूक चालले की ऑर्डर टॅलीत आणावी. बँकेची जोड सर्वांत शेवटी. ग्राहकांतही फोनवर नेमके कोड सांगणारे, वारंवार तोच माल मागवणारे काही जण आधी निवडावेत. त्यांच्यासाठी ‘मागची ऑर्डर पुन्हा द्या’ हे एकच बटण बाकीच्या सगळ्या सोयींपेक्षा मोलाचे असते. संकेतस्थळावर दर लॉगिन केल्यावरच दिसावेत, आणि प्रत्येकाला आपल्याच पातळीचे दिसावेत. शेजारच्या दुकानदाराचा दर चुकून दिसला तर ती चर्चा संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत पोहोचलेली असते.

सेल्समनचा विरोध गृहीत धरावा. ऑनलाइन आलेली ऑर्डर त्याच्या भागातील ग्राहकाची असेल तर तिचे कमिशन त्यालाच मिळेल, हे आधीच लेखी सांगितले की तोच ग्राहकाला लॉगिन करून द्यायला बसतो. फोनवर आलेली ऑर्डरही कार्यालयातील माणसाने ग्राहकाच्या वतीने संकेतस्थळावरच भरावी, म्हणजे टॅलीत शिरण्याचे दार एकच राहते.

रोज सकाळी अडकलेल्या नोंदींची यादी पाहण्याचे काम एका माणसाच्या नावावर असावे आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्याच्या. एचएसएन नाही, लेजर (खाते) सापडत नाही, एकक जुळत नाही अशी कारणे त्यात येतात. ती दुरुस्ती मालकाच्या ठिकाणी, म्हणजे बहुधा टॅलीत, करावी आणि नोंद पुन्हा पाठवावी. संकेतस्थळावर तात्पुरते ठिगळ लावले तर तीच अडचण पुढच्या सिंकला परत येते. दर आठवड्याला संकेतस्थळावरील ऑर्डरची बेरीज आणि टॅलीतील त्या मालिकेची बेरीज समोरासमोर ठेवून पाहावी.

मार्चअखेरीची तयारी वेगळी करावी लागते. १ एप्रिलला बिलांची मालिका नव्याने सुरू होते, आणि काही ठिकाणी टॅलीतील कंपनी विभागून नव्या वर्षाची वेगळी कंपनी उघडली जाते. तसे केल्यास कनेक्टर जुन्याच कंपनीकडे बोट दाखवत राहतो आणि नव्या वर्षाच्या ऑर्डर मागच्या वर्षाच्या पुस्तकात जाऊन बसतात. ३१ मार्चला संध्याकाळी सिंक थांबवावा, बॅकअप घ्यावा, कनेक्टरमध्ये नव्या कंपनीचे नाव आणि नवी मालिका भरावी, एक चाचणी ऑर्डर टाकून ती योग्य ठिकाणी उतरल्याचे पाहावे आणि मगच सिंक पुन्हा सुरू करावा.